दालमिलची वही

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ह्यांनी ओसरीत वखर, डवरा, विळे धुऊन मांडले आणि हळदकुंकू वाहिलं. मी कोपऱ्यातलं जातं ओढून आणलं, त्यांच्या शेजारी ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "त्याले काहून आणलं व? दहा वर्सं झाली, हात तरी लावला का कोनं?" नाही लावला. खुंटा मात्र त्यांच्या हातानं गुळगुळीत झालेला तसाच आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरची डाळ याच जात्यावर व्हायची. तूर भिजवायची, लाल मातीचा हात द्यायचा, वाळवायची, भरडायची, पाखडायची. पंधरा-पंधरा दिवस अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. गुडघे गेले तसं त्यांनी सोडलं, आणि मी कधी धरलंच नाही.

रात्री हिशेब मांडला. गेल्या हंगामात नऊ क्विंटल तूर झाली, नऊच्या नऊ क्विंटल विकली. मग वर्षभर दुकानातून महिन्याला चार किलो डाळ विकत आणली, सध्या १७५ रुपयांनी. आपल्या शिवारातली तूर मूर्तिजापूरच्या बाजारातून कुठं कुठं जाते, डाळ होऊन पुन्हा आपल्याच दुकानात येते. वाटेत प्रत्येकजण तिच्यावर काहीतरी कमावतो. आम्ही फक्त दोन टोकांना, स्वस्तात विकायला आणि महागात घ्यायला.

ही वही आजपासून. रोज लिहीन असं नाही, पण जे घडेल ते आकड्यासकट लिहीन.

२० ऑक्टोबर

बचत गटाच्या बैठकीत विषय काढला. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखालचं पाणी खारं, ते पिकाला चालत नाही, म्हणून सगळी शेती पावसावर. कपाशी, सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास. म्हणजे तूर नाही असं घर नाही. मिनी दालमिल टाकू म्हटलं तर बाराही जणींनी माना हलवल्या. चालवेल कोण, विचारलं तर बाराही गप्प. मीसुद्धा.

१६ नोव्हेंबर

अकोल्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण संपलं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून आमच्यापासून एवढ्या जवळ आहे, आणि मी आत पहिल्यांदा गेले. पीकेव्ही (म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ) मिनी दालमिल ही याच विद्यापीठानं तयार केलेली. एवढ्या वर्षांत गावातून एकानंही विचारलं नाही की हे यंत्र कोणासाठी केलं.

जे शिकले ते विसरायच्या आत लिहून ठेवते. आधी तूर साफ करायची आणि चाळणीनं लहान-मोठा दाणा वेगळा करायचा. मग रोलरमधून पहिला फेर. रोलरला खरखरीत दगडाचा थर असतो, त्यानं दाण्याच्या सालीवर ओरखडे पडतात. दाणा फुटायला नको, नुसती साल ओरखडली पाहिजे. मग तेलाचा हात द्यायचा, ढीग करून रात्रभर झाकून ठेवायचा. तेल त्या ओरखड्यांतून आत जातं आणि साल आणि डाळ यांच्यामधला डिंक सैल होतो. मग कडक ऊन. मग पाण्याचा हलका हात, पुन्हा ऊन, मग भरडाई. सासूबाई भिजवून आणि माती लावून करायच्या ते हेच. डिंक सैल झाल्याशिवाय तुरीची साल सुटत नाही हे त्यांना ठाऊक होतं. कारण कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

शेवटच्या दिवशी मॅडमनी लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९, मुंबईतल्या गिरगावात इमारतीच्या गच्चीवर सात बायका, ८० रुपये उसने घेतलेले, पहिल्या दिवशी चार पाकिटं. ही गोष्ट मी आधीही ऐकली होती आणि ऐकून दर वेळी वाटायचं, त्या मुंबईच्या, आपण कुठं. या वेळी एक गोष्ट मनात राहिली. तोटा झाला तरी चालेल, पण देणगी घ्यायची नाही, असं त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. बसमध्ये तेच डोक्यात फिरत होतं. देणगी नको म्हणायला आपल्या कामाची किंमत आधी आपल्याला ठाऊक पाहिजे.

२४ नोव्हेंबर

पहिली चाचणी. चौदा किलोमीटरवरच्या गावात एकाची मिनी दालमिल आहे. शेजाऱ्यांकडून पन्नास किलो जुनी तूर बाजारभावानं घेतली, ५,००० रुपये. भरडाई ४००, ऑटोचे जाऊन-येऊन २००. डाळ ३५ किलो निघाली, चुनी आणि टरफल दहा किलो. चुनी गावातच गाईवाल्यांनी २०० रुपयांना नेली. म्हणजे डाळ किलोला १५४ रुपये पडली. १७५ ला विकायची ठरलं.

१ डिसेंबर

काल दहा किलो घेऊन मूर्तिजापूरला गेले. ओळखीच्या एका शिक्षिकेच्या घरी. त्यांनी डाळ हातात घेतली, वास घेतला, "वा, घरची दिसते" म्हणाल्या. मग विचारलं, "काय भाव?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "द्या ना ताई, काय द्यायचे ते."

त्यांनी १४० च्या भावानं पैसे दिले. त्यांची चूक नाही. त्यांना वाटलं घरच्या डाळीला तेवढे पुरे. दहा किलोवर १४० रुपये घरातून घालून आले. येताना बसमध्ये मी १७५ हा आकडा मनात म्हणत होते, पुन्हा पुन्हा. एक साधा आकडा. प्रशिक्षणात सगळ्यांसमोर उभं राहून यंत्राची माहिती सांगितली तेव्हा आवाज कापला नाही, इथं एका ओळखीच्या बाईसमोर कापला.

आम्हा बायकांना कष्ट करायला कधी भीती वाटत नाही. कष्टाचे पैसे मागायची वाटते, आणि तीही परक्यापेक्षा आपल्या माणसांची जास्त. धंद्यासाठी हिंमत पाहिजे असं सगळे म्हणतात. ती नेमकी कुठं कमी पडते ते मला काल कळलं.

८ डिसेंबर

उरलेली पंचवीस किलो १७५ नं गेली. पाच घरी सांगितलं, दोघींनी महाग म्हणून नाही घेतली, तिघींनी घेतली. भाव आधी सांगायचा, डाळ मग दाखवायची. उलटं केलं की माझी जीभ अडते.

१५ डिसेंबर

माहेरी, दर्यापूरला जाऊन आले. बाबांना मशीनचं सांगितलं. कर्ज काढावं लागेल म्हटल्यावर ते गप्प झाले. मी सातवीत होते तेव्हा त्यांनी बोअरसाठी सावकाराकडून पैसे घेतले, पाणी खारं लागलं, दोन वर्षांत बैलजोडी गेली आणि दोन एकर वावर गेलं. आमच्या घरात त्यानंतर कर्ज हा शब्द कुणी मोठ्यानं बोललं नाही. या भागात कर्जापायी काय काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. ते ज्यांच्या शेजारच्या घरात झालं त्यांना मशीन घे, हिंमत कर असं सांगणं सोपं नाही.

निघताना बाबा म्हणाले, "कर्ज बुडवत नाई बाई. हिसाब न करता घेतलेलं कर्ज बुडवते. म्या हिसाब नव्हता केला." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

२३ डिसेंबर

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचं समजून घेतलं. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी नीट लिहिते. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. बाकी बँकेचं कर्ज. अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत वेगळं ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नियमित भरले, धंदा चालू राहिला, तर कर्जात वळतं करतात. अर्ज आणि प्रकल्प अहवाल करायला जिल्ह्याची संसाधन व्यक्ती असते. तिचं मानधन योजनेतून मिळतं, आपण द्यायचं नसतं. गावात एकानं "फाइल करून देतो, पंधरा हजार लागतील" म्हणून सांगितलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

माझा प्रकल्प ३,२०,००० चा. मशीन, मोटर, चाळणी यंत्र, काटा, पाकीट सील करायचं मशीन, ताडपत्र्या. माझे ३२,०००, कर्ज २,८८,०००. त्यातले १,१२,००० पुढं अनुदानातून वळते होतील.

बत्तीस हजारांतले तीस हजार गटातून घेतले, शेकडा एक रुपया व्याजानं. बैठकीत गप्प बसलेल्या त्याच बाराजणींनी पाच मिनिटांत मंजूर केले.

८ जानेवारी २०२५

एका बँकेनं परत पाठवलं. घराचा नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा, सासूबाईंच्या नावे, यांच्या पीककर्जाचा एक हप्ता मागं उशिरा भरलेला. साहेब म्हणाले, मालकांना पाठवा. म्हटलं, धंदा माझा आहे. ते हसले आणि कागद सरकवला.

घरी येऊन खरा हिशेब केला, बाबांनी सांगितला तो. नवी तूर बाजारात आली आणि भाव पडला. दोन महिन्यांपूर्वी दहा हजारांच्या आसपास होती, आता खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणारे व्यापारी, ७,२०० च्या वर कोणी बोलत नाही. हमीभाव ७,५५० आहे. हे म्हणाले, "भाव पडला, आता कायले मशीन?" मला उलटं दिसलं. डाळ विकण्यात भावाची जोखीम माझी. भरडाईत नाही. तूर दहा हजार असो की सात हजार, भरडाई किलोला आठच रुपये. आणि भाव पडला की माणूस म्हणतो, एवढ्या स्वस्तात कशाला विकू, थोडी घरात ठेवतो.

हप्ता महिन्याला ६,२६२ धरला, पाच वर्षं. वर्षाचे ७५,१४४. हंगाम पाच महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे, हे विसरायचं नाही. भरडाईचे आठ रुपये, त्यात वीज, तेल, मजुरी तीन रुपये, उरतात पाच. स्वतःची डाळ केली तर एका क्विंटलला ७० किलो, १३० नं ९,१००, चुनीचे ४००. तूर ७,२०० आणि बाकी खर्च ९०० वजा जाता १,४०० उरतात. वीस क्विंटल केली तर २८,०००. बाकी ४७,१४४ भरडाईतून यायला पाहिजेत. म्हणजे साधारण ९५ क्विंटल.

९५ क्विंटल ऐकून आधी पोटात गोळा आला. मग घरं मोजली. एका घराला वर्षाची पन्नास किलो तूर धरली तर १९० घरं. आमच्या गावात तीनशेवर घरं आहेत, शिवाय शेजारची दोन गावं. १९० घरांची मी नावं घेऊ शकते. वहीत मागच्या पानावर लिहायला बसले, १४६ पर्यंत आले आणि झोप लागली.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला वाण म्हणून डाळ दिली. शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या, चाळीस. प्रत्येकीला कुंकू लावताना सांगितलं, "उन्हाळ्यात भरडाई सुरू होईन, आठ रुपये किलो." चाळीस वेळा म्हटलं. पहिल्या पाच-सहा वेळा मान खाली होती.

७ फेब्रुवारी

दुसऱ्या बँकेत मंजुरी. तिथल्या बाईंनी वही बघायला मागितली. १९० घरांचं पान उघडून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. सासूबाईंनी संमतीपत्रावर अंगठा दिला, मग म्हणाल्या, "थांब," आणि खाली सहीही केली. त्यांना सही येते हे मला माहीत नव्हतं.

उद्यम नोंदणी मोफत, मोबाईलवरच झाली. अन्न परवान्याची साधी नोंदणी, बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे शंभर रुपये. चौदा आकडी नंबर मिळाला, तो पाकिटावर छापायचा. वीजजोडणी बाकी आहे, घरच्या मीटरवर मिल चालवता येत नाही.

२५ फेब्रुवारी

वीज मिळाली. मशीन आलं. उद्या महाशिवरात्र.

३ मार्च

पहिला घाणा बिघडला. आमचीच एक क्विंटल तूर होती. डाळ ६१ किलो आणि त्यातही अर्ध्या दाण्यांवर साल तशीच, बाकीचा चुरा. रात्री झोप नाही. सकाळी प्रशिक्षणातल्या सरांना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. दाणा एकसारखा होता का? दाताखाली कसा फुटला?

दाणा एकसारखा नव्हता. बीडीएन-७११ वाणाची पांढरी आणि जुनी लाल तूर मी एकत्र टाकली होती. लहान दाणा रोलरमधून तसाच निसटतो, मोठा फुटतो. आणि घाईपोटी दोनच दिवस वाळवली होती. नीट वाळलेला दाणा दाताखाली कट् करून तुटतो, ओलसर असला तर चेपतो. यापुढं चाळणी झाल्याशिवाय आणि चार दाणे चावून पाहिल्याशिवाय घाणा टाकायचा नाही. गिऱ्हाइकाच्या पोत्यातलेही.

त्या चुऱ्याचं काय करायचं म्हटलं, तर सासूबाईंनी भरडा करायला काढून घेतला.

८ मार्च

दुसरा घाणा, ७१ किलो. सोनं दिसत होतं.

१२ मार्च

हे लिहायला तीन दिवस थांबले.

रविवारी सकाळी काकाजी, म्हणजे माझे चुलतसासरे, बैलगाडीत दोन पोती घेऊन आले. काट्यावर एकशे दहा किलो. म्हणाले, "टाक सूनबाई भरडून." मी म्हटलं, "काकाजी, आठ दिवसांनी न्या. आणि आठ रुपये किलो आहे भरडाई."

"मलेबी?"

"साऱ्यांलेच."

ते खूप वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "घरच्या मानसाले पैसे मांगतं? तुह्या सासऱ्याच्या दुखन्यात म्या अकोल्याच्या किती येरझारा केल्या, हिसाब हाये का?" 

ते खरं आहे. सासरे दवाखान्यात होते तेव्हा काकाजींनी स्वतःचं वावर पडीक टाकलं होतं. मी म्हटलं, "विसरली नाई काकाजी. तुमच्या घरी रात्री-अपरात्री मी धावून येईन. पण मशीनचा दर एकच आहे." त्यांनी पोती पुन्हा गाडीत टाकली. गाडी वळवताना बैलांनाही बोलले नाहीत.

मी आत जाऊन रडले. हे म्हणाले, "आठशे ऐंशी रुपये. सोडून देल्ले असते त?" मला उत्तर सुचेना. काकाजींना फुकट तर भावकीतल्या अकरा घरांना फुकट, ती अकरा घरं माझ्या १९० मध्ये आहेत. पण हे तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "म्या जातं ओढत होती तव्हा याच भावकीची तूर भरडली. वीस वर्सं. साऱ्यायनं नेली, दोन आने कोनं नाई देल्ले. देत होते ते नाव. लय गुनाची सून हाये म्हनत." मग आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला. "तू मांग."

त्यावर कोणी काही बोललं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

दारावर पाटी लावली. नाव नाही अजून, फक्त "तूर भरडाई किलोला ८ रुपये". खडूनं लिहू म्हणत होते हे. मी रंगानं लिहवून घेतली.

१७ एप्रिल

ऊन चांगलं, गिऱ्हाईकही. गटातल्या दोघी रोजंदारीवर आहेत. चाळणी आणि वाळवण त्यांच्याकडे, माझ्यापेक्षा त्यांना दाण्याची पारख जास्त. कारंज्याकडून एकजण सहा क्विंटल घेऊन आला, दर विचारला, आणि मी पोतं उचलता उचलता "आठ" म्हणून गेले. घरी आल्यावर लक्षात आलं की अडखळले नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आमच्याकडे आज पितरांचं जेवण. भावकी एकत्र बसते, पितर सारखेच. काकाजी येतात की नाही, सकाळपासून धाकधूक होती. आले. पंगतीत बसले. वरण दोनदा घेतलं. मी वाढत होते तेव्हा विचारलं, "कोनत्या तुरीची डाळ हाये?" म्हटलं, लाल, आपल्याच वावरातली. "शिजली चांगली," एवढं म्हणाले. जाऊबाईंनी मागून सांगितलं, काकाजींनी त्यांची तूर त्या चौदा किलोमीटरवरच्या मिलवर नेऊन भरडून आणली. तिथंही आठच रुपये, वर गाडीभाडं.

१८ मे

हंगाम जवळजवळ संपला. भरडाई ७१ क्विंटल, स्वतःची डाळ १६ क्विंटल. भरडाईचे उरले ३५,५००, डाळीचे २२,४००. एकूण ५७,९००. वर्षाच्या हप्त्यांना ७५,१४४ पाहिजेत. १७,२४४ कमी आहेत.

हे यांना आणि गटाला सांगितलं, लपवलं नाही. भाद्रपदाच्या सुमाराला मूग-उडीद निघतो, तो याच मशीनवर भरडता येतो, आणि हरभऱ्याची डाळही. त्यातून भरून काढायचे. १९० घरांच्या यादीतली १२३ आली, बाकीच्यांच्या नावापुढं कारण लिहायला सुरुवात केली आहे. काहींना माहीतच नव्हतं, काहींची तूर आधीच विकून झाली होती. शेजारच्या गावातली एकजण परवा येऊन मशीन बघून गेली, भरडाईचा दर विचारला नाही, मशीनची किंमत विचारली. तिला ८ जानेवारीचं पान उतरवून घ्यायला दिलं.

आज बेअरिंगला ग्रीस दिलं, रोलर पुसला, पट्टा सैल केला. संध्याकाळी काकाजींच्या मुलाचा फोन आला. घरात अजून दीड पोतं तूर उरली आहे, दर काय म्हणून विचारत होता. आठ रुपये, म्हटलं. बाबांना विचारून सांगतो म्हणाला. आणली तर वाळवायला अजून दहा-बारा दिवसांचं ऊन आहे. पट्टा पुन्हा ताणून ठेवला.